सासूबाईंचे पाय समुद्रात भिजावेत, यासाठी कोकणातला कोणता किनारा निवडावा?

गोदाकाठ (नाशिक):

सर्वांना नमस्कार. डिसेंबरअखेरच्या सुट्टीत आम्ही सात जण चार दिवसांसाठी कोकणात जाण्याचे ठरवत आहोत. आम्हा दोघांबरोबर सहा आणि नऊ वर्षांची दोन मुले, धाकटे दीर व जाऊबाई, आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई असा आमचा गोतावळा आहे. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. काठी घेऊन त्या सपाट जमिनीवर शंभर-दोनशे पावले चालतात, पायऱ्या मात्र टाळतात. त्यांनी समुद्र आजवर एकदाच, मुंबईला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पाहिला आहे. पाण्याला पाय लावलेले नाहीत. गुडघे अजून साथ देत आहेत तोवर एकदा तरी त्यांचे पाय समुद्राच्या पाण्यात भिजावेत, अशी माझी फार इच्छा आहे, आणि ही सहल मुख्यतः त्यासाठीच आहे.

आमच्यासमोर तारकर्ली, गणपतीपुळे आणि दिवेआगर अशी तीन नावे आहेत. छायाचित्रे पाहिली तर तिन्ही ठिकाणे सारखीच सुंदर दिसतात आणि त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. गेल्या वर्षी एका किनाऱ्यावर (दोष किनाऱ्याचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता, म्हणून नाव लिहीत नाही) माझा मोठा मुलगा गुडघाभर पाण्यात उभा असताना परतणाऱ्या लाटेने त्याच्या पायांखालची वाळू ओढून नेली आणि तो दोन-तीन पावले आत घसरला. यजमानांनी त्याला लगेच धरले, परंतु ती भीती माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही. लहान मुले आणि वृद्ध माणूस यांच्या दृष्टीने किनारा निवडताना नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आम्ही स्वतःच्या मोटारीने येणार आहोत. पंचांगाप्रमाणे आमचे चार दिवस एकादशी ते चतुर्दशी असे येतात. एकादशी वाया जाईल का, असे सासूबाईंनी विचारल्यामुळे ते लक्षात राहिले.

खारवारा (दापोली):

ताई, आपण तिथी लिहिलीत हे फार बरे झाले, कारण समुद्राच्या दृष्टीने तारखेपेक्षा तिथीच अधिक उपयोगी पडते. त्याकडे पुढे येतो. आधी उताराविषयी लिहितो, कारण आपल्या मुलाच्या बाबतीत जे घडले त्याचे मूळ बहुधा उतारात आहे.

आमच्याकडे वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. पुळण कशी आहे हे पायांखालच्या वाळूवरून ओळखता येते. वाळू जाड, रवाळ असेल तर लाटेचे पाणी वाळूत मुरते, परतताना त्याचा जोर कमी पडतो आणि लाटेने आणलेली वाळू वरच साचत जाते. त्यामुळे किनारा तीव्र उताराचा होतो. अशा ठिकाणी पाय घोट्यापर्यंत रुततो, चार पावलांत पाणी कमरेला लागते, आणि लाट दूरवर न फुटता थेट आपल्या अंगावर येऊन आदळते. उलट वाळू पिठासारखी बारीक असेल तर ती ओली झाल्यावर घट्ट बसते, किनारा लांबपर्यंत सपाट राहतो, लाटा दूरवर फुटून दमतात आणि आपल्यापर्यंत येते ते घोटाभर पसरणारे पाणी. सासूबाईंना काठी टेकवत चालता येईल ती हीच ओली, घट्ट वाळू. कोरड्या भुसभुशीत वाळूतली पन्नास पावलेदेखील त्यांना जड जातील. म्हणून मोटार जिथे थांबते तिथून ओल्या वाळूपर्यंत किती चालावे लागते, हा प्रश्न निवासस्थान ठरवण्यापूर्वी दूरध्वनीवर आवर्जून विचारावा.

या कसोटीवर आपल्या तीन नावांपैकी गणपतीपुळे मी स्नानासाठी सरळ वगळेन. देवस्थान अप्रतिम आहे, मंदिर पाण्याच्या इतके जवळ आहे की गाभाऱ्यातही गाज ऐकू येते, परंतु समोरच्या समुद्राला उतार आणि ओढ दोन्ही आहेत, आणि दरवर्षी तेथे माणसे बुडतात. जवळच्या आरे-वारेचीही तीच गोष्ट आहे. रस्त्यावरून पाहण्यासाठी त्याच्या तोडीचे दृश्य कोकणात थोडेच आहे, पण ते रस्त्यावरूनच पाहावे.

दिवेआगर मात्र आपल्या गरजेला अगदी साजेसे आहे. चार-पाच किलोमीटरची सलग, सपाट पुळण, मागे सुरूची झाडे, आणि त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्यांत घरगुती निवास. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथली असंख्य झाडे पडली. त्यामुळे जुन्या छायाचित्रांत दिसते तितकी दाट सावली सगळीकडे मिळेलच असे धरून चालू नका आणि सासूबाईंसाठी छत्री बरोबर ठेवा. नाशिकहून पनवेल, माणगाव, म्हसळा असा रस्ता आहे. मोठ्या माणसाला सोबत घेऊन एका दिवसात गाठता येईल असे आपल्या यादीतले हेच एक ठिकाण आहे. उपजिल्हा रुग्णालय श्रीवर्धनला, सुमारे वीस किलोमीटरवर आहे, हीदेखील मनाला आधार देणारी गोष्ट आहे.

आमच्या दापोली तालुक्यातले मुरूड आणि कर्दे हे किनारेही तितकेच सपाट आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले ते हेच मुरूड. जंजिऱ्याजवळचे मुरूड वेगळे, रायगड जिल्ह्यातले. नावातल्या या साम्यामुळे पाहुणे भलतीकडेच निवास ठरवून बसतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. माझे गाव जवळ असले तरी नाशिकहून घाट उतरून इतक्या लांब येण्यापेक्षा या वेळी आपण दिवेआगरच निवडावे, असे मी प्रामाणिकपणे सांगेन.

आता तिथी. भरतीची वेळ काढण्याचा आमच्याकडचा जुना ठोकताळा असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण होते, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती व दुपारी बाराच्या पुढे ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढे पुरते. आपल्या एकादशीला भरती साधारण सव्वाआठला आणि ओहोटी दुपारी अडीचला येईल, चतुर्दशीला भरती साडेदहाला आणि ओहोटी पावणेपाचला. पाण्यात उतरायचे ते पाणी चढत असताना, उतरत असताना नव्हे. म्हणून पहिले दोन दिवस दुपारी साडेतीन ते साडेपाच आणि शेवटचे दोन दिवस सकाळी सात ते नऊ, अशा वेळा मुलांसाठी ठरवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी सर्वांनी पाण्याबाहेर असावे.

कर्लीतीर (मूळ मालवण तालुका, सध्या पुणे):

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे. तरीही तारकर्लीविषयी दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ते माझे माहेर आहे आणि तिथल्या समुद्राविषयी अवास्तव स्तुती आणि अवास्तव भीती दोन्ही पसरलेल्या मी पाहते.

तारकर्लीची वाळू पांढरी आणि पाणी नितळ आहे, यात अतिशयोक्ती नाही. रायगडकडची वाळू सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून आलेली म्हणून करडी असते. आमच्याकडे दक्षिणेला खडकाची जात बदलते, गारगोटीचे प्रमाण वाढते आणि किनारे उजळ होतात. दुसरा फरक भरतीचा. मुंबईजवळ उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, तर मालवण-वेंगुर्ल्याकडे ते साधारण दोन मीटरांवर येते. त्यामुळे अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते तसे आमच्याकडे घडत नाही. पाणी दिवसभर जवळच राहते, परंतु ओली घट्ट वाळूही कमीच उघडी पडते. ताईंच्या सासूबाईंच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

तारकर्लीहून दक्षिणेला देवबागची चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि टोकाला त्यांचा संगम. हा संगम होडीतून पाहावा. तिथे पाण्यात उतरू नये, कारण ओहोटी लागली की नदी आणि खाडी दोन्हींचे पाणी एकाच मुखातून बाहेर धावते आणि चांगला पोहणारा माणूसही त्यापुढे टिकत नाही. हे कोणत्याही खाडीच्या मुखाला लागू आहे. दुर्दैवाने अशा जागाच सर्वांत शांत आणि उथळ भासतात.

मुलांना घेऊन मालवणला कधी गेलात तर शहरातच असलेला चिवला किनारा पाहावा. तो अर्धचंद्राकार आहे, समोरच्या खडपांमुळे लाटा बऱ्याच मोडून येतात, आणि डिसेंबरात तिथे सागरी जलतरणाच्या स्पर्धाही भरतात. प्रवाळ आणि मासे पाण्याखाली जाऊन पाहायचे असतील, सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा असेल, तर मालवणला पर्याय नाही. मात्र नाशिकपासून हे अंतर पाचशे किलोमीटरांच्या वर आहे. चार दिवसांतले दोन दिवस मोटारीतच गेले तर सासूबाईंना समुद्राचा आनंद कधी मिळणार? आमच्याकडे रेल्वेने कुडाळपर्यंत या, आणि किमान पाच मुक्कामांचा बेत असेल तेव्हाच या. त्या वेळी मी आनंदाने सविस्तर माहिती देईन.

नाडीपरीक्षा (अलिबाग):

मी तालुक्याच्या गावी तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय केला. या काळात बुडालेल्या माणसांना ज्यांच्या हातांवर ठेवले जाते, त्यांपैकी मी एक आहे. म्हणून पाण्याच्या ओढीविषयी थोडे स्पष्ट लिहितो.

लाटा किनाऱ्यावर जे पाणी आणून टाकतात ते सर्वच्या सर्व आल्या वाटेने परत जात नाही. वाळूच्या बुडालेल्या दांड्यांमधून जिथे फट सापडेल तिथून ते एखाद्या ओढ्यासारखे वेगाने आत जाते. या पट्ट्यात पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत, फेस दिसत नाही, पाणी किंचित गढूळ असते, आणि दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला तेवढाच भाग शांत दिसतो. पोहता न येणारी कुटुंबे मुलांना घेऊन नेमकी तिथेच उतरतात. पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटे काठावर उभे राहून लाटा पाहिल्या तर असा पट्टा ओळखता येतो. कोणी ओढला गेलाच तर त्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे, आणि पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात वर करावा. काठावरच्यांनी एकमेकांचे हात धरून मागोमाग आत शिरू नये. एकाला वाचवताना घरातली तीन-चार माणसे गेली, असे प्रकार याच कारणाने घडतात.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तो दिवस आमच्या जिल्ह्यातला कोणीही विसरलेला नाही. सपाट किनाराही सर्व वेळी आणि सर्व जागी सुरक्षित असतो असे समजू नये. लहान मुलांच्या बाबतीत माझा नियम एकच आहे: मूल पाण्यात असेल तर एक मोठा माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर आणि त्याच्यापेक्षा खोल बाजूला असावा, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नसावा. आपण चार मोठी माणसे आहात, दोन मुले आहेत. हे सहज जमण्यासारखे आहे.

सासूबाईंसाठी: त्या मधुमेही असतील तर त्यांना अनवाणी चालवू नका. शिंपल्याची धार तळव्याला लागल्याचे कळतही नाही आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. मागे पट्टा असलेल्या रबरी चपला पाण्यातही चालतात.

सुरूबन (श्रीवर्धन):

एक पूरक माहिती. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूचा पारनाका या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. पाण्याची शुद्धता, स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या, जीवरक्षक अशा गोष्टी त्यात तपासल्या जातात. वृद्ध माणूस बरोबर असताना स्वच्छतागृह जवळ असणे ही केवढी मोठी सोय आहे, हे घरात वृद्ध माणूस असलेल्यालाच कळते. दिवेआगरला मुक्काम केलात तर शेखाडीवरून समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्याने एक दिवस श्रीवर्धनला या. हा रस्ताच इतका देखणा आहे की सासूबाईंना मोटारीतून उतरण्याची गरज भासणार नाही. हरिहरेश्वरलाही दर्शनासाठी जरूर जा, मात्र प्रदक्षिणेच्या वाटेला खडकातून उतरणाऱ्या पायऱ्या आहेत आणि भरतीला ती वाट धोक्याची होते. सासूबाईंनी मंदिरातूनच नमस्कार करावा.

आणखी एक कळकळीची विनंती. दिवेआगरची वाळू घट्ट आहे म्हणून अनेक जण मोटार थेट पुळणीवर आणतात. सासूबाईंना पाण्यापर्यंत नेण्यासाठी आपल्यालाही तो मोह होईल, परंतु कृपया तसे करू नका. वाळूत खेळणारी मुले चालकाला दिसत नाहीत, भरती चढू लागली की रुतलेली गाडी निघत नाही, आणि याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासविणी आपल्या किनाऱ्यांवर रात्री अंडी घालण्यासाठी येत असतात. वाळूखालची घरटी चाकांखाली दबतात. ज्या वेळास गावाने आणि चिपळूणच्या निसर्गप्रेमींनी वर्षानुवर्षे खपून ही घरटी राखली, ते गाव आमच्यापासून बाणकोटच्या खाडीपलीकडे आहे. त्यांच्या श्रमांची आपण सर्वांनी बूज राखली पाहिजे. पिल्ले समुद्रात जाताना पाहायची असतील तर मात्र फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात यावे लागेल.

गोदाकाठ (नाशिक):

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री यजमानांनी आणि दिरांनी हे सर्व वाचले, आणि दिवेआगर नक्की केले. सुरूच्या झाडांना लागूनच असलेल्या एका घरगुती निवासात तीन रात्रींची सोय झाली आहे. खारवारा यांनी सांगितल्याप्रमाणे दूरध्वनीवर अंतर विचारले, तेव्हा त्या गृहिणींनी, "फाटकापासून वाळू वीस पावलं, पण पाणी किती लांब ते ओहोटीवर," असे उत्तर दिले. ते उत्तर ऐकून माझा विश्वास वाढला. मधुमेह नाही, तरीही पट्ट्याच्या चपला घेतल्या आहेत. मोटार वाळूवर नेणार नाही.

आता एकच शंका उरली आहे. ओहोटीला ओली वाळू घट्ट असेल, पण पाणी लांब गेलेले असेल. भरतीला पाणी जवळ असेल, पण मध्ये कोरडी वाळू. मग सासूबाईंना नेमके केव्हा न्यावे? शिवाय त्या फार वेळ उभ्या राहू शकत नाहीत. खुर्ची पाण्यात ठेवली तर चालेल का?

खारवारा (दापोली):

ताई, खुर्ची पाण्यात ठेवू नका. लाट येऊन परतते तेव्हा प्रत्येक पायाखालची वाळू कमीअधिक निघून जाते, चारही पाय सारखे रुतत नाहीत आणि बसलेला माणूस कलंडतो.

त्याऐवजी असे करा. द्वादशीच्या दिवशी ओहोटी दुपारी सव्वातीनच्या आसपास पूर्ण होईल. त्याआधीच, उन्हासाठी छत्री धरून, सासूबाईंना मधल्या घट्ट वाळूवरून सावकाश न्या. वाटेत दोन-तीनदा बसता यावे म्हणून कोणीतरी खुर्ची घेऊन बरोबर चालावे. पाणी जिथे शेवटचे पोहोचते तिथून सात-आठ पावले अलीकडे, अजून ओलसर असलेल्या वाळूवर खुर्ची ठेवा, समुद्राकडे तोंड करून, आणि मागे एका माणसाने पाठीला हात देऊन उभे राहावे. ओहोटी संपून पाणी वळले की पहिल्या तासात ते फार हळू चढते. भराभर चढते ते तिसऱ्या-चौथ्या तासात. म्हणजे आपल्याला घाई नाही. त्यांना पाण्यापर्यंत चालवत नेण्याची गरज नाही. चार वाजण्याच्या सुमारास एक पातळ लाट फेसाची कड घेऊन चपलांपर्यंत येईल, मग पुढची घोट्यापर्यंत. दहा-पंधरा मिनिटे पाय भिजू द्या, आणि पाणी खुर्चीच्या पायांखालची वाळू हलवू लागले की खुर्ची दहा पावले मागे घ्या. समुद्र पुन्हा तिथवर येईल.